अण्णाची बिनड्रायव्हरची गाडी

अण्णा, तुझं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्यासाठी करतात ती वंदना, होऊन आठवडाही झाला नाही, तोच मल्लप्पा मिस्त्री घरी आले. दारातच टोपी काढली, तुझ्या फोटोला हात जोडले, चहा अर्धा प्यायले आणि म्हणाले, "गौतमची जागा रिकामी हाय, अक्का. त्याचं लगीन झालं न्हाई म्हून बहिणीला मिळतीया. तू व्हय म्हण, बाकीचं मी बघतो." मी नाही म्हटलं तर डेपोचं क्वार्टर सोडावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. ते मात्र बाहेर पडताना, चपला घालत, खाली बघत सांगितलं. माणूस वाईट नाही तो.

तुझी जागा. म्हणजे मुळात अप्पांची. म्हैसूर राज्य झालं त्या सुमाराला अप्पा मंठाळहून भालकीला आले आणि बसच्या डेपोत लागले. ते गेले तेव्हा तुझ्या मिसरुडाचाही पत्ता नव्हता. त्यांची खाकी पँट कमरेत आवळून, पायाशी दुमडून तू कामावर गेलास. आता तीच जागा मला. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्यात, पोरगी नशिबाची, आयतं मिळालं. मी ऐकून घेते. लातूरच्या ड्रॉईंगच्या कोर्सचं माझं शेवटचं वर्ष राहिलंय. वसतिगृहातल्या खोलीत माझे कागद गुंडाळून ठेवलेत. मिस्त्रींना सोमवारपर्यंत सांगायचं होतं, आणि घरात मी नि माय एकमेकींना चुकवत वावरत होतो.

माणूस गेला की लोक त्याला धुऊन इस्त्री करून ठेवतात. पुण्यानुमोदनाला जो उठला तो म्हणाला, गौतमसारखा मुलगा नाही, गौतमसारखा भाऊ नाही, आईसाठी सगळं सोडलं. इतकं चांगलं केलं तुला, की मला तू ओळखू येईनास. मी मागे बायकांत बसले होते आणि मला राग येत होता. सगळं सोडलं म्हणजे काय सोडलं, हे त्यांना कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. म्हणून हे तुझ्याशीच बोलते.

जब्बारभाईच्या गाड्या आठवतात तुला? बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणारा आपला जब्बारभाई. तो कुवेतला जाऊन आला आणि येताना सगळ्यांसारखं टेपरेकॉर्डर, अत्तर आणायचं सोडून मोठं खोकं भरून खेळण्यातल्या गाड्या घेऊन आला. काळ्या पट्ट्यांचा रस्ता, त्यात दोन खाचा. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूची पट्टी. गाडीच्या पोटाखाली एक खुंटी, ती खाचेत बसायची, आणि तांब्याच्या तारांचे दोन झुपके, ते पट्टीला घासून वीज घ्यायचे. हातातल्या मुठीचा, बंदुकीला असतो तसा घोडा दाबला की गाडी सुटली. जत्रेत त्यानं हे दुकान मांडलं. पहिल्याच वर्षी लोकांच्या गर्दीत वळणाचे तुकडे फुटले आणि दोन्ही गाड्यांच्या बॉड्यांचा चुरा झाला. उरला तो सरळ रस्ता आणि दोन उघड्या मोटारी. जब्बारभाई म्हणाला, सरळ तर सरळ. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, एकदम सोडायच्या, पुढं कोण पोचतंय ते बघायचं. शेवटाला दुमडलेलं पोतं, म्हणजे गाडी थांबेल.

आणि बॉड्यांसाठी तो तुझ्याकडे आला. "गौतम, तू इत्ते बडे बसां के बॉडी बनाता. ये दो चुहियां का क्या है?"

खरं तर डेपोत तू नवीन काही बनवत नव्हतास. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, भोकं बुजवायची, वर लांबीची पुटी भरायची, घासायची, लाल रंग मारायचा. दुसऱ्या दिवशी तीच बस दुसरीकडे चेपून परत यायची. पण त्या संध्याकाळी तू ती उघडी मोटार तळहातावर घेऊन बसलास आणि जेवायला हाक मारली तरी उठला नाहीस. माय म्हणाली, "काय बघायलास रे तिच्यात? भाकर वातड व्हायली." तुला असं हरवून गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी तेव्हा अकरावीला होते. मी म्हटलं, एक तू कर, एक मी करते. तू हसलास. पण नाही म्हणाला नाहीस.

पहिली तू केलीस ती तुपाच्या डब्याच्या पत्र्याची. अशी सुरेख ठोकलीस, की जब्बारभाईनं तिचा मुका घेतला. बुटकी, जमिनीला लागलेली, नाक सुरीसारखं. मग तू तिची वायर जोडलीस, आणि जोडलीस ती बसची जोडतात तशी. बसमध्ये बॅटरीची एकच तार दिव्यापर्यंत जाते, परतीची वाट बॉडीच असते, हे तूच मला शिकवलं होतंस. तुझा हात सवयीनं चालला. मोटारीचं एक टोक तू डाख देऊन बॉडीला जोडलंस. घोडा दाबल्याबरोबर पत्र्याची खालची कड दुसऱ्या पट्टीला टेकली, चर्रकन ठिणगी उडाली आणि जब्बारभाईच्या कुवेती ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. जब्बारभाई खालीच बसला. "गया मेरा कुवेत," म्हणाला. तू इतका ओशाळलास, की दोन दिवस त्याच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं डेपोत गेलास. मी मात्र कितीतरी दिवस तुला चिडवत होते, बसवाल्याला रॉकेलची चिमणी दिली तरी तो तिची एक तार बॉडीला जोडेल.

ट्रान्सफॉर्मरच्या जागी मग ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आली, आणि पत्र्याच्या जागी प्लास्टिक. पांगाऱ्याच्या लाकडाचे आपण दोघांनी दोन ठोकळे कोरले, तुझा आणि माझा, एकमेकांना न दाखवता. शर्टाच्या खोक्यावर येतं ते पारदर्शक झाकण विस्तवावर धरायचं, मऊ झालं की ठोकळ्यावर दाबायचं, की बॉडी तयार. बोलायला सोपं. पहिली तीन-चार झाकणं जळून काळी झाली. मग माय उठली, आपल्या हातून झाकण काढून घेतलं आणि चुलीपुढं बसली. "पापडावानी बघा की. फुगायच्या आत काढायला लागतंय." ती व्हय म्हणाली की तू दाबायचास. तुझी निघाली, माझी निघाली. चुलीपुढं आपण तिघं खोकत होतो आणि माय हसत होती. आपलं घर इतकं हसताना मला फारसं आठवत नाही.

रंगाच्या वेळी तुझी पुन्हा पंचाईत. तू बसला रंगवतात तसा वरून रंग द्यायला निघालास. मी म्हटलं, पारदर्शक आहे, आतून दे, म्हणजे वरची चकाकी राहील आणि घासलं तरी रंग जाणार नाही. पण आतून द्यायचा तर सगळं उलटं. आधी बारीक रेघा, आकडा, खिडक्यांची किनार, आणि सगळ्यात शेवटी मोठा रंग. तुला ते पटेना. आधी शेवटचं काम करायचं म्हणजे काय, असं तू दहादा विचारलंस. बसचा उरलेला लाल रंग तू घेतलास, मी पिवळा. सुकल्यावर उलटी करून बघितलीस. मग म्हणालास, "चांगलं दिसायलंय." तुझ्याकडून एवढं म्हणजे खूप.

भांडण झालं ते ड्रायव्हरवरून. माझ्या गाडीत मी ड्रायव्हर बसवला. ज्वारीच्या ताटातलं भेंड काढून त्याचं डोकं आणि खांदे केले, काजळानं डोळे काढले. तुझ्यासाठीही एक केला होता. तू घेतला नाहीस. वजन वाढतंय म्हणालास. मी भेंड तुझ्या तळहातावर ठेवलं, फुंकलं तर उडेल एवढं. तरी नाही.

"कामून न्हाई?"

"खाचेतली गाडी हाय ती, सुजा. वळायचं न्हाई, थांबायचं न्हाई. त्यो आत बसून काय करील?"

"बघील," मी म्हटलं.

"काय बघील? समोरचं पोतं?"

हा वाद आपला कधी मिटला नाही. चार-पाच वर्षं झाली, मी सुट्टीला आले की एकदा तरी निघायचाच. मी अजूनही म्हणते, माणूस हवा. गाडी कुणाच्या का हातात असेना, आत बसलेल्याला डोळे असतात. तू अजूनही नाहीच म्हणशील. आता तर तू बोलणारच नाहीस, म्हणजे शेवटचा शब्द माझा झाला, आणि मला तो नकोय.

जत्रेतला दिवस मात्र तुझा होता. तुझी लाल गाडी सुटली की नुसती रेघ दिसायची. माझी पिवळी मागून यायची, ड्रायव्हरसकट. लोक तुझ्याच गाडीवर पैज लावायचे. आणि मग ते झालं. गाडी इतकी हलकी, की वेग घेतल्यावर तिचं नाक उचललं, खुंटी खाचेतून सुटली आणि ती हवेतून शेजारच्या चुरमुऱ्याच्या ढिगात जाऊन पडली. सगळी जत्रा ओरडली. चुरमुरेवाला शिव्या द्यायला लागला, जब्बारभाई कपाळ धरून हसायला लागला, आणि तू, अण्णा, तू पोट धरून खाली बसलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतास. पुन्हा सोड म्हणाले लोक. पुन्हा सोडली, पुन्हा उडाली. मग लोकांना शर्यत नकोच होती, ती उडताना बघायची होती.

दुसऱ्या दिवशी तू डेपोतल्या फुटक्या बॅटरीतलं शिसं वितळवलंस आणि नाकाच्या आतून चिकटवलंस. गाडी खाचेत गच्च बसली. पुन्हा कधी सुटली नाही. मी म्हटलं, उडू दे की, लोकांना तेच आवडतंय. तू म्हणालास, गाडीनं गाडीवानी ऱ्हावं. माय म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड," आणि तू हसलास. मी हसले नाही. कुणी सांगितलं नव्हतं तुला. जब्बारभाईसुद्धा नको म्हणत होता. तुझ्याच हातानं तू ते लावलंस, हे मला तेव्हाही सहन झालं नव्हतं.

त्याच जत्रेत पुण्याचे एक गृहस्थ आले होते. बिदरजवळ कोळारला एका कारखान्यात बादल्यांचं मशीन बसवायला आलेले, रिकामा वेळ म्हणून जब्बारभाईच्या दुकानात उभे राहिले. त्यांनी तुझी गाडी उलटी केली, आतला रंग बघितला, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, साचा कुणी कोरला? त्यांच्या ओळखीत खेळण्यांचा कारखाना होता, साचे करणारा माणूस हवा होता. या म्हणाले. सहज म्हणाले, पण मनापासून म्हणाले. भालकीत तुझ्या हाताला कुणी विचारत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसंच ते. त्या रात्री तू जेवला नाहीस, आणि मला वाटलं, आता हा जाणार. मी तर मनातल्या मनात तुझी पेटीसुद्धा भरली होती.

तू गेला नाहीस. आधी म्हणालास, जत्रेचं बोलणं जत्रेतच राहतं. त्यांचा दोनदा निरोप आला तेव्हा म्हणालास, सुजाचं शिक्षण होऊ दे. मी लातूरला गेले, तरी तू इथंच. गेल्या दिवाळीत मी पुन्हा विषय काढला. माय नळावर गेली होती. तू सायकलची चेन बसवत होतास.

"माय हाय ना," तू म्हणालास. "क्वार्टर जाईल. ती कुठं जाईल?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मायचं नाव पुढं करू नको. माझं बी करू नको. तुला भ्या वाटायलंय. सरळ म्हण की, मला जमायचं न्हाई म्हून."

तू चेन बसवलीस. पायडल उलटं फिरवून बघितलंस. हात पुसलेस आणि डेपोत निघून गेलास. उत्तर दिलं नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतर दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले होते तेव्हाही नाही. काविळीनं डोळे पिवळे झाले होते तुझे. तू मला फक्त एवढंच म्हणालास, "तू परत जा. परीक्षा हाय ना?" मी म्हटलं, जाते. तो आपला शेवटचा बोललेला शब्द. असल्या शब्दांवर माणसानं जन्म काढायचा असतो का रे?

मी तुझ्याशी भांडलेलं मागे घेत नाही. माझं खरं होतं असंच मला वाटत होतं, काल संध्याकाळपर्यंत. पण मिस्त्री येऊन गेल्यापासून मी रोज तुझंच बोलणं बोलत होते. आरशात बघून सुद्धा. माय कुठं जाईल. क्वार्टर जाईल. या वयात तिनं काय कुणाच्या दारात राहावं? आणि प्रत्येक वेळी मला आतून कुणीतरी विचारायचं, सुजा, तुला भ्या वाटायलंय का? मला उत्तर येईना. तेव्हा मला कळलं की तू का गप्प राहिला असशील. तुलाही येत नसेल. कुठलं खरं, कुठलं नुसतं सांगायला, ते आत बसलेल्या माणसाला वेगळं करता येत नाही. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे आणि या दोन खोल्या माझ्या अंगावर येत. तेच खिळे, त्यांवर तुझे खाकी कपडे, तीच खिडकी, समोर डेपोची भिंत. याच भिंतीकडे बघत अप्पा म्हातारे झाले, तू तर म्हाताराही झाला नाहीस.

शेवटी काल मी ठरवलं. माय अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, "माय, मी मिस्त्रीला व्हय म्हणते. कोर्सचं पुढं बघू. तुला सोडून मी कुठं जात न्हाई."

मायनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं ती रडेल, जवळ घेईल. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, म्हणजे रागाचा.

"मी कवा म्हणले तुला, सोडून जाऊ नको म्हून?"

मी म्हटलं, "म्हणायला कशाला पायजे? क्वार्टर गेलं तर तू कुठं जाशील?"

"मंठाळला जाईन. माझं रान हाय तिथं. तुझा काका करायलाय म्हून काय झालं, वाटा माझा बी हाय. शेजारपाजार हाय, विहार हाय. हितं काय हाय मला? डिझेलचा वास हाय." मग ती सुपातले खडे वेचत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे अप्पा गेले तवाच मी जायची व्हते. पोरगं कामाला लागलं. एकटं पोरगं, त्याला भाकर कोण करील? म्हून ऱ्हायले. आज लगीन करील, उद्या करील, सून आली की मी मोकळी. त्यानं लगीन बी केलं न्हाई."

 मी विचारलं, "अण्णाला पुण्याला बोलावलेलं तुला ठावं व्हतं?"

"जब्बारनं सांगितलं. मी गठुडं बांधून ठेवले व्हते त्या टायमाला. म्हणलं, ह्यो गेला की मी बी जाते. त्यो काय हलेना."

"मग त्याला सांगितलं कामून न्हाईस?"

"कसं सांगू? त्याला वाटलं असतं, मायला माझ्याजवळ ऱ्हायचं न्हाई." ती पुन्हा पाखडायला लागली. दोन हात मारले आणि सूप तसंच मांडीवर धरून रडायला लागली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी रडली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी तिला धरून बसले. ज्वारी सगळी अंगणात सांडली आणि कोंबड्या आल्या.

आज सकाळी मी डेपोत गेले आणि मिस्त्रींना नाही सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग "बरं केलीस, अक्का" म्हणाले आणि आत गेले. माय बुधवारच्या गाडीनं मंठाळला जातेय, मी गुरुवारी लातूरला. भांडी निम्मी बांधून झालीत. माय आज सकाळपासून काकांच्या रानातल्या विहिरीचं बोलतेय, कुठल्या बांधावर काय लावायचं ते सांगतेय. मध्येच थांबते, तुझ्या फोटोकडे बघते, पुन्हा बोलायला लागते.

मी तुला भित्रा म्हटलं होतं. लोक तुला थोर म्हणाले. दोन्ही खोटं निघालं, अण्णा. तू तिच्यासाठी थांबलास, ती तुझ्यासाठी थांबली, दोन खोल्यांत, एका चुलीवर, इतकी वर्षं. तुला कुणीच धरून ठेवलं नव्हतं रे. एवढंच तुला सांगायचं होतं, आणि ऐकायला आता तू नाहीस.